दोन सूत

गास, ता. १९ नोव्हेंबर २०२४

सुधाकर यास,

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहून देतो, म्हणजे पुढचं वाचायला तुला सोपं जाईल.

पाणबुड्यांचे पूर्ण सूट, दोनशे अडतीस. नुसती जाकिटं, एकसष्ट. डोक्यावरचे हूड तीनशेच्या वर; सुरुवातीचे मोजले नाहीत, ती माझी चूक. हातमोजे, चारशे अकरा जोड. रबराच्या अर्ध्या जाडीतून वळून परत वर येणारी, पलीकडे भोक न पाडणारी वाकडी सुई, गादीवाल्याची सुई तापवून वाकवलेली, अशा नऊ. त्यातल्या दोन मोडल्या. हूड बेतायला भेंडीच्या लाकडाचं एक डोकं, माझ्याच मापाचं, घेर तेवीस इंच. मागच्या वाडीत बर्फाच्या पाण्याची टाकी, तीन हजार लिटरची. विटा मी रचल्या, गिलावा मी केला. आणि १९९६ साली भंगारात मिळालेला एक फाटका परदेशी सूट ब्लेडने टाका-टाका उसवून, त्याचे सतरा तुकडे ओटीवर मांडून, वर्तमानपत्रावर उतरवून घेतलेला पहिला फर्मा. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा आठवीपर्यंत.

आता कशासाठी लिहिलं ते सांगतो. तुझ्या कंपनीचा खरेदीचा कागद काल मिळाला. त्यात दुसऱ्या ओळीत छापलंय, 'गास येथील शिंपी श्री. हरेश्वर यांच्याकडील सर्व फर्मे व मापे.' शिंपी! शिंप्याच्या धंद्याला मी नावं ठेवत नाही. पण शिंप्याचं चुकलं तर पँट ढगळ होते. माझं चुकलं तर माणसाची बोटं चालेनाशी होतात.

'ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार,' असं तू आता म्हणशील. म्हण. तेरा वर्षं तेच म्हणत आलायस.

म्हणून एकदा कागदावर येऊ दे. २०१२चा जानेवारी. हिमाचलातल्या त्या धरणाच्या दाराचं काम आपण दोघांनी मिळून घेतलं होतं. मला कावीळ झाली आणि तू एकटा पुढे गेलास. अंथरुणात बसून मी तुझा नवा सूट पुरा केला आणि बॅगेला चिठ्ठी टाचली: 'पानी ४ अंश. दोन सूत घालणे.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारापासून फिटरपर्यंत सगळे जाडी सुतात सांगतात, तूही सांगायचास. दोन सूत जाडीचा नवा सूट घाल, असा त्याचा सरळ अर्थ. तू वाचलंस, 'दोन सूट घालणे.' बंदरातल्या कामाचा एका सुताचा जुना सूट तू स्वतःच बॅगेत कोंबला होतास. तो आत घातलास, नवा त्याच्यावर चढवलास. मनगटं आवळली, कोपर वळेना, हातात रक्त उतरेना. दाराची साखळी डाव्या हातावर आली ते तुला कळलंही नाही. अनामिका आणि करंगळी गेली.

तुझी बोटं गेली याचं मला वाईट वाटलं. त्याचं खापर तू माझ्या अक्षरावर फोडलंस, त्याचं अजून वाटतं. तू बी.कॉम. झालेला माणूस.

गास ते तुझं बोळिंज आठ किलोमीटर. तरी रजिस्टर पोस्टाने लिहितोय, कारण पोचपावती येते. त्या चिठ्ठीची पावती मी घेतली नव्हती.

फर्म्यांच्या कागदाला उत्तर सवडीने देईन. घाईचं दुसरंच आहे. काल जेवताना उन्नती बोलता बोलता म्हणाली, "पप्पा, जानेवारीत मामाबरोबर वर चाललेय. तेच धरण, दाराच्या जाळीचं काम." पोरगी तुझ्याकडे नोकरीला लागली तेव्हा मी बोललो नाही. म्हणजे बोललो, पण थांबवली नाही. बंदरात ने, खाडीत ने, कोणाच्या विहिरीत पंप पडला तर तिथे ने. त्या पाण्यात नेऊ नकोस. ती माझी एकुलती एक मुलगी आहे आणि तिची दहाही बोटं जागेवर आहेत.

हरेश्वर
(शिंपी नव्हे)


गास, ता. १ डिसेंबर २०२४

सुधाकर यास,

पत्राचं उत्तर पत्राने द्यायची रीत आहे. तू बहिणीच्या मोबाईलवर बोलून पाठवलंस. मीरा कोलंबी सोलत होती, हात भरलेले, म्हणून तिने कोपराने बटण दाबलं आणि तुझा आवाज तेरा वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात आला. 'ताई, भावोजींना सांग, पोरगी सत्तावीस वर्षांची आहे. तिच्याकडे सर्टिफिकेट आहे, खरंखुरं, शिक्क्याचं. भावोजींसारखं विहिरीत उड्या मारून शिकलेली नाही ती. आणि पाणी थंड आहे हे आम्हालाही कळतं.'

मीरा हसली. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? विहिरीत उड्या मारल्या का नाय तुम्ही?"

मारल्या. पण 'थंड आहे' हे तापमान नाही, सुधाकर. थंड माठातलं पाणीही असतं. मी अठ्ठावीस वर्षं वहीत आकडे लिहितोय, त्यातले थोडे तुला देतो. अर्नाळ्याचा समुद्र, मे महिना, ३० अंश. तोच समुद्र, जानेवारीत सकाळी, साडेतेवीस. आमची विहीर वर्षभर सव्वीसच्या आसपास. आणि तुझं धरण, जानेवारी, ४. साडेतेवीसमध्ये उघड्या अंगाचा माणूस तासाभराने कुडकुडतो. चारमध्ये उघडा हात काही मिनिटांतच त्याचा राहत नाही.

पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. सूट पाणी अडवत नाही, तुझ्या नव्या गिऱ्हाइकांना तसं सांगत असशील तर खोटं सांगतोस. सूट आत आलेलं थोडं पाणी अडकवून ठेवतो. ते अंगाने तापतं, आणि तापलेलं पाणी बाहेर जाऊ न देणं एवढंच सुटाचं काम. सैल असला तर प्रत्येक हालचालीला नवं गार पाणी आत येतं. आवळ असला तर काय होतं ते तुझ्या डाव्या हाताला विचार. म्हणून माप. म्हणून शिलाई. आणि खाली गेल्यावर रबरातले बुडबुडे दबतात. वर सात मिलिमीटर असलेला सूट बारा मीटरवर चार-साडेचारचा उरतो. हे त्या सर्टिफिकेटच्या पुस्तकात आहे. मी उन्नतीचं पुस्तक वाचलं, शब्दकोश घेऊन, सोळा दिवस लागले. त्यातली एक चूक मी पेन्सिलीने दुरुस्त केली आहे.

उन्नती सांगते, तू सगळ्यांसाठी घाऊक सूट मागवलेस. एस, एम, एल. तिला एम दिला. माझ्या मुलीच्या खांद्यापासून मनगटापर्यंतच्या मापाला एम म्हणत नाहीत, एकवीस इंच म्हणतात. तो सूट तिच्याबरोबर घरी पाठव. टाकी रिकामीच आहे.

आणि आणखी एक. तू ज्याला त्याला सांगतोस की भावोजींनीच 'सूट' लिहिलं होतं. चंदनसारला प्लासिडच्या लग्नातसुद्धा सांगितलंस, जेवणाच्या रांगेत. मी तुझ्या मागे चौथा उभा होतो. चिठ्ठी असेल तर दाखव. नसेल तर तोंड बंद ठेव.

हरेश्वर


गास, ता. १५ डिसेंबर २०२४

सुधाकर यास,

तुझ्या एम साइझच्या सुटाची परीक्षा काल, शनिवारी सकाळी साडेदहाला झाली. निकाल खाली देतो.

अर्नाळा बंदराहून बर्फाच्या पाच लाद्या टेंपोने आणल्या. टाकीत दोन हजार लिटर पाणी, सुरुवातीला २५.८. लाद्या फोडून टाकल्या, बांबूने ढवळलं, पावणेदोन तासांनी पारा ४.२ वर थांबला. परीक्षा माझी नेहमीचीच: एका हातात बोल्ट, दुसऱ्या हातात बारा नंबरचा नट, पाण्याखाली लावायचा आणि काढायचा. नट फिरेनासा झाला की वेळ संपली. धरणाच्या जाळीवर माणूस शेवटी तेच करतो.

उन्नतीला हे मान्य नव्हतं. "पप्पा, मी मामाकडे काम करते, तुमच्याकडे नाही. माझी परीक्षा झालेली आहे. पास झालेय मी."

"तुझी नाही, सुटाची घेतोय," मी म्हणालो.

"मग सुटालाच बुडवा ना! मी कशाला आत?"

शेवटी मीराने तिला आत उतरवलं. "जा गं बाय, नायतर ह्ये पाच लाद्यांचं पानी दुपारी माझ्याच डोक्यावर वततील." मग ती थर्मास आणि गरम पाण्याचा टोप घेऊन काठावर पाट टाकून बसली. मी घड्याळ आणि वही घेऊन उभा.

पहिली दोन मिनिटं उन्नती बडबडत होती. पाठीच्या चेनीतून पाणी शिरतंय म्हणाली; मी लिहिलं. चौथ्या मिनिटाला मान. सूट मानेशी बोटभर सैल आहे, तिथून आत आलेलं पाणी थेट कण्यावरून उतरतं. मी लिहिलं. सहाव्या मिनिटाला तिची बडबड थांबली. नट एकदा लागला, एकदा निघाला, पुन्हा अर्धा लागला. नवव्या मिनिटाला मी विचारलं, "नट कुठे आहे?"

"हातात आहे."

"उन्नती, नट कुठे आहे?"

"पप्पा, हातात आहे म्हटलं ना! धरलाय मी. दिसत नाही का?"

नट टाकीच्या तळाला पडला होता. वरून स्वच्छ दिसत होता. तिची बोटं चिमटीत तशीच मिटलेली होती आणि चिमटीत काही नव्हतं.

तिने हात वर काढला, बघितला आणि बघतच राहिली. मीराने दोन्ही हातांनी तिला काठावर ओढलं, सूट उतरवला, कोरड्या चादरीत गुंडाळलं. तुला उगाच काळजी नको म्हणून लिहितो, शेगडीशी नेलं नाही, हात चोळले नाहीत, आधी पोटावर आणि काखेत गरम पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि गोड चहा पाजला. एवढी अक्कल मला सर्टिफिकेटशिवाय आहे.

चहा पिताना ती थरथरत होती. म्हणाली, "मला खरंच वाटत होतं की धरलाय."

मीरा कपाकडे बघत म्हणाली, "सुध्याला पन असंच झालं असनार."

तेरा वर्षांत या घरात तुझं नाव कोणी असं घेतलं नव्हतं. नाव निघायचं ते भांडणात. मी वाडीत जाऊन टाकीचं बूच काढलं. अर्धा बर्फ अजून शिल्लक होता. तो केळीच्या आळ्यात गेला.

निकाल: नऊ मिनिटं. तुझ्या जाळीचं काम उन्नती सांगते त्याप्रमाणे प्रत्येक बुडीला पस्तीस मिनिटांचं. टाकी पाच फूट खोल आहे. बारा मीटरवर रबर दबलं की नऊचे पाच होतील. तुझा एम मी परत पाठवतोय. त्यावर मागे खडूने नऊ लिहिलंय, धुऊन टाकू नकोस, बाकीच्यांनाही वाचू दे.

आता मी असं म्हणालो की तिला नेऊ नकोस, तर ती ऐकणार नाही. काल संध्याकाळी स्पष्ट सांगितलं तिने. "तुम्ही दोघं त आणि ट वर भांडत बसा. काम मी घेतलंय, मी जाणार." आवाज अगदी तुझा. म्हणून मी मापं घेतली. तिनेही दिली. बेचाळीस मापं, दोन्ही मनगटं वेगवेगळी.

तुझ्या कंपनीवर उपकार करतोय असं समजू नकोस.

हरेश्वर


गास, ता. २३ डिसेंबर २०२४

सुधाकर यास,

तुझं रजिस्टर पोस्ट मिळालं. पोचपावतीवर माझी सही गेली आहे, म्हणजे मिळालं नाही असं मी म्हणू शकत नाही. यावेळी पत्राने बोललास. म्हणजे पत्र नव्हतंच, नुसती ती चिठ्ठी.

लॅमिनेट करून ठेवलीस! रेशन कार्डासारखी.

कागद माझा आहे. डाव्या कोपऱ्यात रबर चिकटवायच्या सोल्युशनचा डाग आहे, तो डबा त्याच आठवड्यात सांडला होता. शाई माझ्या निळ्या पेनची. 'पानी' असंच लिहिलंय. बोलतो तसं लिहायची सवय मला तेव्हा होती, नंतर सोडली. टाके तपासायचं भिंग घेऊन खिडकीशी बसलो. मीरा दोनदा जेवायला बोलावून गेली.

ट आहे.

त ला उभी काठी असते. याला काठी नाही. वर छोटी दांडी, खाली पोट, शेपूट बाहेर. माझाच ट, दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही, कारण मी पोट जास्त फुगवतो. 'दोन सूट घालणे.' बालवाडीतल्या मुलाने वाचलं असतं.

कसं झालं तेही मला आता कळलंय; विचारणार नाहीस, तरी लिहितो. त्या सकाळी बंदरातल्या ऑर्डरचे सूट बांधून जायचे होते आणि मी अंथरुणात बसून पत्त्याच्या पट्ट्या लिहीत होतो. सूट क्र. ९७. सूट क्र. ९८. सूट क्र. ९९. अशा चौदा. त्यांच्या मागोमाग तुझी चिठ्ठी. डोक्यात सूत होतं, हात सूट लिहीत गेला. जुनी वही काढून तारीख पडताळली, बरोबर तोच दिवस. चौदा वेळा बरोबर लिहिलेला शब्द पंधराव्यांदा चुकीच्या जागी पडला. कावीळ होती असं मी म्हणणार नाही. कावीळ डोळ्यांत होती, हातात नव्हती.

चिठ्ठी मी लिहिली आणि पुन्हा वाचली नाही. शिवलेला प्रत्येक टाका मी दोनदा बघतो. लिहिलेल्या सहा शब्दांवरून एकदाही नजर फिरवली नाही.

एवढं माझं झालं. आता तुझं.

तेरा वर्षं ही तुझ्याकडे होती. लग्नाच्या रांगेत तोंडाने सांगत फिरलास, मग काढून समोर का धरली नाहीस? सिमल्याच्या इस्पितळात मी तुझ्या खाटेशी उभा राहून तुझ्या बहिणीसमोर, डॉक्टरसमोर, दोन नर्ससमोर म्हणालो, "बी.कॉम. झालास ना? त आणि ट वेगळा वाचता येत नाही?" चिठ्ठी तेव्हा तुझ्या उशाखालच्या पाकिटात होती. हे मला काल उन्नतीने सांगितलं. मी तिला विचारलं, मामाने मग का नाही दाखवली? ती आधी सांगेना. मग म्हणाली, "मामा म्हणतो, भावोजींना दाखवली असती तर त्यांनी परत सुईला हात लावला नसता. आणि त्यांना दुसरं काही येत नाही."

सुधाकर, हे ऐकून मी खूश झालो असेन असं तुला वाटत असेल तर चुकतोस. माझ्यावर दया करायची परवानगी तुला कोणी दिली? मी काय रस्त्यावर बसलो होतो? मला दाखवायची होतीस. मी सुई ठेवली असती की नसती ते माझं मी बघितलं असतं. तू माझ्या वतीने ठरवलंस आणि तेरा वर्षं मला मूर्खासारखं ओरडू दिलंस. चिठ्ठीसाठी मी चुकलो. यासाठी तू.

आणि 'दुसरं काही येत नाही' हे खरं असलं तरी बोलायची गरज नव्हती.

इस्पितळातलं ते वाक्य मी परत घेतो. बी.कॉम.चंही, त आणि ट चंही. मीराला हे पत्र टाकण्याआधी वाचून दाखवलं. म्हणाली, "परत घेतो म्हंजी काय, उधार दिलेली कढई हाय काय ती?" तिला दुसरा शब्द हवा होता. तो मला लिहायला जमला नाही. हाच लिहिला आहे, दोनदा वाचून.

चिठ्ठी मी ठेवून घेतोय. ती माझी आहे.

हरेश्वर


गास, ता. ५ जानेवारी २०२५

सुधाकर यास,

उन्नतीबरोबर दोन पुडकी पाठवतोय. तिच्यासमोर उघड. आधी हे पत्र वाच, सावकाश. सगळं मिलिमीटरमध्ये लिहिलंय. सूत हा शब्द मी या धंद्यातून काढून टाकला आहे. सुतारांनी काय ते त्यांचं बघावं.

पुडकं पहिलं. सूट क्र. २३९, उन्नतीच्या मापाचा. ७ मिलिमीटर, एकच थर, आत दुसरं काही घालायचं नाही, बनियनसुद्धा नाही. हूड अंगालाच जोडलेला, म्हणजे मानेची फट नाही. मनगटाशी आणि घोट्याशी आतून गुळगुळीत रबराची पट्टी, ती कातडीला चिकटते आणि पाणी फिरू देत नाही. पट्टीखालून नाडी लागते का ते आमच्या इथल्या नर्स अँजेला यांच्याकडून पाहून घेतलं. लागते. पाठीत चेन नाही, खांद्यावर आहे. प्रत्येक सांध्याला सोल्युशनचे तीन हात, मग आंधळी, पलीकडे न निघणारी शिलाई. हातमोजे ५ मिलिमीटर, तिचे, चारशे बारावा जोड.

टाकीत पुन्हा पाच लाद्या, पाणी ४.१. नट सव्विसाव्या मिनिटाला सुटला. यावेळी सुटलेला तिला कळला. "पप्पा, पडला," म्हणाली. तेवढ्याने मला बरं वाटलं.

आता नीट ऐक. टाकीतले सव्वीस म्हणजे बारा मीटरवरचे पंधरा. तिला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ खाली ठेवायचं नाही. सोळा नाही. पस्तीस मिनिटांचं काम तीन बुड्यांत कर, दोन बुड्यांच्या मध्ये तीन तास. पाण्यात जायच्या आधी थर्मासमधलं कोमट पाणी हातमोज्यांत आणि खांद्याच्या चेनीतून सुटात ओतायचं, म्हणजे धरणाचं पाणी शिरायला जागा राहत नाही आणि अंगाची पहिली ऊब फुकट जात नाही. कोमट, म्हणजे चाळीस अंश, पारा मापून. वर दोरी धरणारा माणूस दर तीन मिनिटांनी दोरी ओढेल, तिने दोनदा ओढून उत्तर द्यायचं. उत्तर उशिरा आलं तरी वर घ्यायचं. बोटं बधिर झालेल्या माणसाला विचारू नये, तो 'धरलंय' असंच सांगतो. वर आल्यावर वारा लागू देऊ नकोस, लोकरी टोपी आधी, मग बाकीचं. आणि तुमच्यात कोणी ब्रँडी काढली तर ती धरणात ओत.

एक कबुली. हा ओलाच सूट आहे. खरा अर्धा-पाऊण तास हवा असेल तर कोरडे सूट घ्यावे लागतील, आत लोकरीचे कपडे आणि वर पाणी आत येऊच न देणारं कवच. ते मला येत नाहीत. दोन केले होते. दोन्ही मनगटाशी गळले. पहिल्या पत्रातल्या यादीत ते नाहीत, शोधलेस तरी सापडणार नाहीत. बाकीच्या तुझ्या माणसांसाठी ते विकत घे. तुझ्या एमवर मी लिहिलेले नऊ कोणीतरी पुसले असं उन्नतीने सांगितलं. तू पुसले असशील तर तू माझ्या समजुतीपेक्षाही हलका आहेस. दुसऱ्याने पुसले असतील तर त्याला विचार.

पुडकं दुसरं. हातमोजे, चारशे तेरावा जोड. तुझे.

२००९ साली घेतलेलं तुझ्या हाताचं माप माझ्याकडे होतं, कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेलं. पेन्सिल करंगळीपाशी आली तेव्हा तू गुदगुल्या होतात म्हणून हात हलवलास, म्हणून तिथली रेघ वाकडी आहे. मी तेव्हा शिवीही दिली होती. डाव्या हाताच्या फर्म्यावरची दोन बोटं मला कात्रीने कापावी लागली, त्याशिवाय रबर बेतता येत नव्हतं. कापायला सकाळी बसलो, दुपारी कापली. उजवा पाच बोटांचा आहे, डावा तीन. जिथे बोटं नाहीत तिथे आतून मऊ घडी दिली आहे, कारण तिथली कातडी गारठ्यात ठणकत असणार. माझा अंदाज आहे. चुकला असेल तर मिलिमीटरमध्ये कळव.

हे घातलेस म्हणजे आपलं मिटलं, असा अर्थ काढू नकोस. माझ्या घरी यायचं असेल तर आधी मीराला विचार, मला नको.

राहिला तुझा कागद. कलम चारप्रमाणे माझे सगळे फर्मे एस, एम, एल या तीन मापांत बसवून कारखान्यात जाणार होते. माझ्याकडे दोनशे एकोणचाळीस माणसांची मापं आहेत. त्यातली कोणतीही दोन एकसारखी नाहीत. फर्मे उन्नतीला दिले आहेत, सुया आणि लाकडी डोक्यासकट. तिला बेतता येतं. आंधळा टाका अजून वाकडा जातो, बसेल हात. ती कोणासाठी शिवते, तुझ्या माणसांसाठीही शिवते का, ते तिचं ती ठरवेल. पण तिला मी दिलेत. तुला विकलेले नाहीत.

म्हणून तुझ्या कागदाचं लेखी उत्तर. माझ्याकडील सर्व फर्मे व मापे कायमची विकत घेण्यासाठी तू देऊ केलेली रक्कम मी नाकारली आहे. आकडी ₹ ११,५०,०००. अक्षरी रुपये अकरा लाख पन्नास हजार फक्त. शेवटचा त मी दोनदा गिरवला आहे.

हरेश्वर